उकंडाचं मत

चिंचोली, बाभुळगावजवळ
१४ मार्च १९५७

ती. दादास कौसल्येचा जयभीम.

पुढचं वाचायच्या आधी खाली बैस आणि प्रभावतीवहिनींनाही बोलाव. ते आले होते.

कोण ते, असं विचारू नकोस. ज्यांचं नाव सात वर्षांत मी तोंडानं घेतलं नाही आणि मनातून सोडलं नाही ते. तुझे मेहुणे. सोमवारी इथल्या शाळेत मतदान झालं. सकाळी मामाजी एकटेच पुढे गेले, दुपारी घरचं आवरून मी आणि आत्याबाई गेलो. टेबलाशी बसलेला कारकून बाहेरगावचा होता. त्यानं यादीवर बोट ठेवून आधी आत्याबाईंचं नाव वाचलं, "घर नंबर एकवीस. तुळसाबाई डोमाजी, हा घ्या कागद." मग बोट खाली सरकवून म्हणाला, "उकंडा डोमाजी नगराळे, वय चौतीस. हे सकाळी मत देऊन गेले. तुम्ही कौसल्या उकंडा ना? या पुढं."

दादा, मला वाचता येतं. त्यांच्या नावाखाली निळ्या पेन्सिलीची रेघ होती. पडद्यामागे चित्रांच्या पेट्या मांडल्या होत्या, त्यातल्या कोणत्या पेटीत मी कागद टाकला ते मला सांगता येणार नाही. मत गुप्त ठेवावं असं तू शिकवलं होतंस, माझं तर माझ्यापासूनही गुप्त राहिलं.

घरी का आले नाहीत, हे मला कळतं. पन्नास साली ते आपल्या बापाशी, मामाजींशी, भांडून गेले. "गावची मेलेली ढोरं ओढनं सोड, थे महारकीची घुंगराची काठी टाक, नाई तं या घरचं पानी पेनार नाई," असं म्हणाले होते. मामाजींनी तेव्हा सोडली नाही. गेल्या दसऱ्याला सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली त्या दिवशी काठी टाकली, पण ते यांना कोण सांगणार? आता कानावर आलं असेल, म्हणून बघायला आले असतील. एकदा आले ते पुन्हा येतील.

म्हणून लिहिते की अमरावतीच्या ट्रेनिंगचा माझा अर्ज पाठवू नकोस, फाडून टाक. मास्तरीण व्हायची हौस होती, नाही म्हणत नाही. पण ते दारात यावेत आणि मी अमरावतीला असावं, हे मला सोसणार नाही.

तुझी,
कौसल्या


यवतमाळ
१९ मार्च १९५७

चि. कौसल्येस आशीर्वाद.

तुझं पत्र प्रभावतीनं दोनदा वाचायला लावलं आणि दोन्ही वेळा रडली. मी रडलो नाही. मी निवडणुकीच्या टेबलावरचा कारकून आहे, मला आधी शंका येतात.

यादीतल्या नावाखाली रेघ ओढली याचा अर्थ इतकाच की त्या नावानं कोणीतरी कागद घेतला. ती रेघ म्हणजे माणूस नव्हे. तुमच्या चिंचोलीत कोणाची शेळी चुकली तर संध्याकाळपर्यंत चार जण सांगत येतात. मग सात वर्षांनी गावात आलेला उकंडा कोणालाच कसा दिसला नाही? आमच्या कायद्यात एक साधं तत्त्व आहे. एका बाजूचं ऐकून निकाल द्यायचा नाही, मग समोर राजा असो की रंक. तू एका रेघेचं ऐकून निकाल देऊन मोकळी झालीस. थोडी थांब. कोणी बघितलं का ते विचार, मामाजींनाही विचार.

तुझा अर्ज मात्र अमरावतीला रवाना झाला. एकदा गेलेला सरकारी कागद जूनच्या आधी परत येत नाही. तेव्हा तो विषय आपण जूनमध्ये बोलू. बायकांना वयाची सवलत आहे, सातवी पास बाई मिळत नाही म्हणून साहेब लोक रडकुंडीला आलेत, आणि आमची सातवी पास बाई चिंचोलीत दाराकडे डोळे लावून बसली आहे. रागावू नकोस. तू सुखी व्हावीस म्हणूनच हे चाललंय.

तुझा,
पंजाबराव


चिंचोली
३ एप्रिल १९५७

ती. दादास जयभीम.

रागावले आहे. तू कायदा सांगतोस आणि मला माणूस हवा आहे.

तरी तुझं ऐकून चौकशी केली. मतदानाच्या खोलीत दोन्ही पक्षांचे एजंट दिवसभर बसून होते. एक तांड्यावरचा प्रेमसिंग आणि दुसरे नीळकंठराव. एरवी ते एकमेकांचं तोंड बघत नाहीत. प्रेमसिंगला विचारलं तर तो आपल्याच जोड्याकडे बघत उभा राहिला. नीळकंठराव म्हणाले, "पोरी, खोलीतली गोष्ट बाहेर सांगाची नसते, आमाले शपथ हाय." आले नसते तर नाही म्हणाले असते ना? नाही कोणीच म्हणालं नाही.

तुमच्या याद्यांचं मात्र कौतुक नको. तो कारकून मला म्हणाला, "तुमच्या घरचे डोमाजी राहिलेत, त्यांना पाठवून द्या." मामाजी तर सकाळीच जाऊन आले होते, त्यांच्या बोटाची शाई मी स्वतः बघितली. साठ वर्षांचा माणूस मत देऊन येतो आणि यादीत त्याचा पत्ता नाही. असलं तुमचं सरकार.

मामाजींना विचारलं तर ते उठून बाहेर गेले. हल्ली माझ्याकडे बघत नाहीत, जेवण अर्धवट टाकतात. पोरगा शाळेपर्यंत आला आणि बापाला न भेटता गेला, हे मनाला लागलं असणार.

मी ट्रंकेतला त्यांचा सदरा काढून धुतला. कॉलर कसरीनं खाल्ली होती, ती उलटून शिवली. संध्याकाळी बाभुळगावची मोटार येते तेव्हा सरपण आणायच्या निमित्तानं फाट्यावर जाते. आत्याबाईंना माहीत आहे, त्या काही म्हणत नाहीत. दादा, मला ते हवे आहेत. लिहायला लाज वाटत नाही. सात वर्षं लाज धरली, तिनं काही दिलं नाही.

कौसल्या


चिंचोली
२१ एप्रिल १९५७

(श्री. पंजाबराव, आपलं पत्र डोमाजीबाबांना एकांतात वाचून दाखवलं. ते बोलतात तसंच लिहीत आहे, माझ्या पदरचा शब्द नाही. सेवादास, शिक्षक.)

पंजाबराव भाऊ, जयभीम.

तुमी इचारलं, बाबा, तुमी कोनाच्या नावानं मत देलं. तुमाले समजलंच हाय तं कायले लपवू. उकंडाच्या नावानं देलं.

आता काहून देलं थे आयका. मी चाळीस वर्सं पटवाऱ्याच्या दप्तराचा बस्ता वाह्यला. मले वाचता येत नाई, पन कागद कसा चालते थे समजते. एखांदं वावर दोन-तीन वर्सं पडीत राह्यलं, कोनी पेरलं नाई, तं पेरेपत्रकात त्याच्या नावावर काट मारते पटवारी. अन् मंग तिसऱ्याच मानसाचं नाव चढते. मायावाल्या डोयानं पाह्यलं हाय. इलेक्शनची यादी कराले जो बाबू आलता थो मनला, हा उकंडा इथं राह्यत नाई, पुढच्या टायमाले याचं नाव राह्यनार नाई. मी मनात मनलं, नाव पडीत पडलं तं जाईन. कोनीतरी वाह्यलं पाह्यजे.

दोन मतं देता येत नाईत, बोटाले शाई लावतेत. मंग मायं सोडलं. मी तं हावोच, लोकाइले दिसून राह्यलो. थो दिसत नाई, त्याचं नाव तेवढं राह्यलं हाय. बाबूनं इचारलं नाव काय, मी मनलं उकंडा डोमाजी. त्यानं मायाकडे पाह्यलं, कागदाकडे पाह्यलं. वय चौतीस लेहलं होतं. त्यानं एजंटाइकडे पाह्यलं. प्रेमसिंग गप बसला, नीळकंठराव बी गप बसला. दोघाइले लेकरं हायत.

मी त्याले काठीपाई गमावलं. टाकाची तं होतीच, सात वर्सं आंधी टाकली असती तं पोट्टा घरी असता. आता पोरीले वाटून राह्यलं थो आलता. रोज फाट्यावर जाते. मले तिच्या तोंडाकडे पाहवत नाई. तुमी साहेबाइले सांगून मले जेलात टाका, पन तिले सांगू नका.

डोमाजी (अंगठा)


यवतमाळ
२८ एप्रिल १९५७

ती. डोमाजीबाबा यांस पंजाबरावचा जयभीम. गुरुजी, हेही एकांतातच वाचून दाखवावं.

बाबा, दुसऱ्याच्या नावानं मत देणं हा गुन्हा आहे. तुरुंग होऊ शकतो. हे तुम्हांला भीती घालायला लिहीत नाही. एका माणसाचं एकच मत, आणि ते ज्याचं त्यानंच द्यायचं, एवढ्या एका गोष्टीवर हे सगळं राज्य उभं आहे. तुमचं एक मत, पाटलाचंही एकच. तुमच्या बापाला ते मिळालं नव्हतं. ते तुम्ही सोडून दिलंत, याचं मला त्या गुन्ह्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

मी सरकारी नोकर. हे मी वर कळवायला हवं. कळवलेलं नाही आणि बहुतेक कळवणार नाही. दोन रात्री झोपलो नाही, पण साहेबांच्या खोलीच्या दारातून परत आलो. तेव्हा मी काही तुमच्याहून मोठा न्यायी माणूस नाही.

पेरेपत्रकाचा नियम मतदारयादीला लागत नाही. मत दिलं नाही म्हणून कोणाचं नाव जात नाही, तुमचंही जाणार नाही. माणूस त्या गावी राहत नसेल तरच नाव काढतात, तेही आधी घरी नोटीस पाठवून आणि घरच्यांचं म्हणणं ऐकून. न विचारता कोणी काट मारू शकत नाही.

राहिली कौसल्या. तिला मी सांगणार नाही. तिला तुम्ही सांगायचं. ती ज्यावरून वाट बघते आहे ते तुमच्या हातून घडलेलं आहे, आणि तिचं सगळं आयुष्य त्यावर अडलं आहे. जूनच्या पंधरा तारखेच्या आत सांगा, त्यानंतर ट्रेनिंगला जायचं ठरवायला तिला वेळ राहणार नाही. तिच्यासमोर तुमची बाजू तुमच्याइतकी नीट कोणी मांडणार नाही.

आपला,
पंजाबराव


चिंचोली
१० जून १९५७

दादास.

मामाजींनी सांगितलं. परसात बसून, माझ्याकडे पाठ करून सांगितलं. तुला एप्रिलपासून माहीत होतं हेही त्यांनीच सांगितलं.

मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. आत्याबाई म्हणाल्या, "पोरी, त्याले मार, शिव्या दे, पन बोल." मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मोटारीच्या वेळेला पाय आपोआप फाट्याकडे निघाले. अर्ध्या वाटेवर आठवलं की आता कोणी यायचं नाहीये. तिथंच बांधावर बसले आणि मोटार येऊन जाईपर्यंत बसून राहिले. त्यांनी मत दिलं नव्हतं हे समजलं तेव्हा ते पुन्हा एकदा घरातून गेल्यासारखं झालं. पहिल्या वेळेला रागावले होते, या वेळेला रागवायलाही कोणी नव्हतं.

मामाजींवर रागवावं तर तो माणूस स्वतःचं नाव रिकामं ठेवून आला. तुझ्यावर राग आहे, तो राहील थोडे दिवस.

तो अर्ज खरंच अमरावतीला गेला होता का? गेला नसेल आणि अजून तुझ्या टेबलाच्या खणात असेल, तर पाठव. मी जाते.

कौसल्या


अमरावती, ट्रेनिंगचं वसतिगृह
२२ डिसेंबर १९५७

ती. दादास जयभीम.

तू विचारलंस म्हणून त्यांच्या नावाच्या सुनावणीचं सविस्तर लिहिते. त्या दिवशी तू टेबलाशी नव्हतास, आपल्याच घरच्या प्रकरणात आपण बसू नये म्हणून दुसऱ्या कारकुनाला पाठवलंस, ते मला आवडलं. पण तू असतास तर बरं झालं असतं, असंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

बाभुळगावच्या चावडीत आमची पाळी तिसरी होती. मामाजी, आत्याबाई आणि मी. नोटीस मामाजींनी कोपरीच्या खिशात घडी घालून आणली होती. साहेब तरुण होते. म्हणाले, "उकंडा डोमाजी नगराळे इथं राहत नाहीत असं दिसतं. त्यांचं नाव यादीतून काढावं की नाही, तुमचं काय म्हणणं आहे?" मामाजी म्हणाले, "साहेब, मायं लेकरू हाय. मी जिथं राह्यतो तिथं थो राह्यते." साहेबांनी ते हसण्यावारी नेलं नाही. लिहून घेतलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला. चाळीस वर्षं मामाजींनी सरकारचं ऐकलं, सरकारनं मामाजींचं लिहून घेतलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मग मला विचारलं. "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "त्यांची बायको." "नवऱ्याचं नाव सांगा." चावडीत पंधरा-वीस माणसं होती. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर मी ते नाव घेतलेलं नाही. मी म्हटलं, "उकंडा. उकंडा डोमाजी नगराळे. ते इथं राहत नाहीत, साहेब. सात वर्षं झाली. नाव काढा."

मामाजी माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, पोरी, मारलंस माझ्या लेकाला. त्यांनी नोटीस घडी घालून परत खिशात ठेवली. साहेबच म्हणाले, "बाबा, ही मेल्याची नोंद नाही. माणूस जिथं राहतो तिथल्या यादीत त्याचं नाव असतं, एवढंच. तुमचा मुलगा परत आला तर एक फॉर्म भरा, पुन्हा इथं घालू. आणि आज तो दुसरीकडे कुठं राहत असेल तर तिथल्या यादीत असेलच."

परत येताना मोटारीत मामाजी एकच बोलले. "थो साहेब मनला तिथल्या यादीत असंन. कितीक याद्या असतीन वं देशात?" मी म्हटलं, पुष्कळ. ते म्हणाले, "वाचता येनारानं पाह्यल्या पाह्यजे."

दादा, मी वाचते. परवा एका बाईंच्या घरी अमरावतीची जुनी यादी मिळाली, तीही वाचली. वेडेपणा आहे, पण तूही वाचतोस हे वहिनींनी मला कळवलं आहे.

कौसल्या


यवतमाळ
१७ डिसेंबर १९६१

चि. कौसल्येस आशीर्वाद.

मास्तरीणबाई, आर्णीच्या शाळेत तुझं बस्तान बसलं, पोरी तुझ्या हाताखाली वाचायला लागल्या, हे ऐकून इथं आम्ही फुशारकी मारत असतो. आज मात्र दुसरं लिहायचं आहे आणि कसं लिहावं ते सुचत नाही. तीन कागद फाडले.

निवडणूक जवळ आली आहे. सगळ्या जिल्ह्याच्या छापील याद्या तपासायचं काम माझ्याकडे असतं, तुला ठाऊक आहे. मागच्या महिन्यात वणीकडच्या कोळशाच्या खाणीच्या वस्तीची यादी हातात आली. त्यात उकंडा डोमाजी नगराळे, पुरुष, वय अडतीस. त्याच्या खालची ओळ अशी आहे: नंदाबाई उकंडा नगराळे, स्त्री, वय एकोणतीस.

बारा दिवस मी हे घरात कोणाला बोललो नाही. तुला एकदा सांगितलं होतं की एका रेघेवरून निकाल देऊ नये, म्हणून गेल्या रविवारी तिथं गेलो. तोच आहे. केस पिकलेत, खोकला आहे. मला बघून आधी ओळख दाखवली नाही, मग खाटेवर बसायला सांगितलं. दोन लेकरं अंगणात होती. पहिलं काय विचारलं असेल? "बा अजून काठी धरते का?" म्हटलं, सोडली, पाच वर्षं झाली. तो एकदम खाली बसला. "मंग मले काहून नाई सांगतलं कोनी?" म्हटलं, पत्ता कोणाजवळ होता?

तुझं मी आपण होऊन काढलं नाही. निघताना त्यानंच विचारलं. म्हणाला, "मले वाटे तिनं दुसरं घर केलं असंन. मनाले तसंच समजावलं." गावी येतोस का विचारलं तर म्हणाला, "कोन्या तोंडानं येऊ." त्या बाईनं चहा केला. तिला तू आहेस हे माहीत नव्हतं. आता झालं असेल.

तुला कायदा काय देतो तेवढं सांगतो. पहिली बायको असताना दुसरं लग्न आता चालत नाही, तू फिर्याद करू शकतेस. पोटगी मागू शकतेस. काडीमोड हवी असेल तर यवतमाळच्या कोर्टात अर्ज करता येईल, मी बरोबर येईन. यातलं काहीच नको असेल तर तेही चालतं. तुझ्या वतीनं मी काही ठरवणार नाही. चिंचोलीला कळवायचं की नाही, हेही तुझ्याच हाती.

प्रभावती म्हणते, चार दिवस इकडे ये. ये.

तुझा,
पंजाबराव


आर्णी
६ मार्च १९६२

ती. दादास जयभीम.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला अडीच महिने लागले. तू चार पत्रं पाठवलीस आणि एकातही काय ठरवलं ते विचारलं नाहीस, याबद्दल तुझे आभार.

पहिला महिना मी शाळेत जायची, शिकवायची, खोलीवर येऊन बसायची. नंदाबाईचा राग येत नाही असं लिहिलं तर खोटं होईल. तिचं वय एकोणतीस. मी फाट्यावर उभी राहायची तेव्हा मी सत्तावीसची होते. त्यांचा राग येतो, आणि राग येऊन झाला की खोकल्याचं काय करत असतील असं मनात येतं. माझ्या मनाची मलाच चीड आहे. ज्या माणसाची वाट बघायची तो असा तीस कोसांवर निघावा, आणि तरी वाट बघायची सवय सुटू नये. दादा, मला अजूनही तो सदरा कोणाला देऊन टाकवत नाही.

कायदा माझ्या बाजूचा आहे हे वाचून बरं वाटलं, खरं सांगते. आत्याबाईंच्या पिढीत तो नव्हता. पण आज कोर्टात जायचं मन नाही. उद्या होईल किंवा नाहीही होणार. तो अर्ज कसा लिहायचा ते मला शिकवून ठेव, म्हणजे झालं.

मामाजींच्या मतदानाला चिंचोलीला जाऊन आले. मामाजींना आता एका डोळ्यानं दिसत नाही. त्यांना हात धरून नेलं. या वेळेला चित्रांच्या पेट्या नव्हत्या, एका कागदावर शिक्का मारायचा होता. त्यांनी नाव विचारल्यावर मोठ्यानं स्वतःचं सांगितलं.

परत आल्यावर अंगणात दोघांना बसवून मी सांगितलं की वणीकडच्या यादीत उकंडा डोमाजी नगराळे हे नाव आहे, दादानं डोळ्यांनी पाहिलं, माणूस खुशाल आहे, काठीचं त्यांना समजलं. खाणीत काम आहे, रजा मिळत नाही, असं मी पदरचं घातलं. मामाजींनी डोक्याचं मुंडासं सोडून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "नाव वाचून दाखव." माझ्याजवळ कागद नव्हता. तरी तळहात कागदासारखा समोर धरून वाचल्यासारखं सांगितलं, उकंडा डोमाजी नगराळे, पुरुष, वय अडतीस. त्यांनी तीनदा वाचायला लावलं. खालची ओळ मी वाचली नाही.

सगळं तिथंच संपलं असतं. पण आत्याबाई हुशार. चार याद्या होऊन गेल्यात त्यांच्या समोर. त्या म्हणाल्या, "नवऱ्याच्या खाली बायकोचं नाव राह्यते न वं यादीत? तुह्यं हाय का तिथं?"

मी म्हटलं, "हाय, आत्याबाई."

त्यांनी बोटं मोडून माझी अलाबला घेतली. मग म्हणाल्या, "मंग पोरी, तू जात काहून नाई त्याच्याकडे?"

मी म्हटलं, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की जाईन. तेव्हापासून त्या माझ्याबरोबर द्यायला लोणचं मुरवत आहेत. सुट्टीला दोन महिने आहेत. परत आल्यावर त्यांना काय सांगायचं, ते तू सुचव. मला सुचत नाही.

तुझी,
कौसल्या